डीडीआर५-६००० मेमरी आणि तिला पेलणारा मदरबोर्ड

प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, म्हणजे ओव्हरक्लॉक करणे, हा उद्योग गेल्या पंधरा वर्षांत पार बदलून गेला आहे. इंटेलचा २०११ सालचा कोअर आय५-२५००के हा प्रोसेसर ३.३ गिगाहर्ट्झचा होता आणि साध्या हवेच्या कूलरवर तो ४.५ गिगाहर्ट्झपर्यंत सहज जात असे. आजचे प्रोसेसर मात्र तापमान आणि विजेची मर्यादा पाहून आपला वेग स्वतःच वर नेतात, त्यामुळे हाताने वाढवण्यासारखे त्यांच्यात फारसे उरलेले नसते. जे उरले आहे त्यातला मोठा वाटा मेमरीत आहे. योग्य मेमरी निवडून ती नीट बसवली, तर काही खेळांमध्ये आणि फाइल झिप करणे-उलगडणे यांसारख्या कामांमध्ये प्रोसेसरचा वेग वाढवण्यापेक्षा अधिक लाभ पदरात पडतो.

म्हणूनच मदरबोर्ड आणि मेमरी यांची निवड एकत्र करावी लागते. मेमरी कोणत्या वेगाने चालेल हे तिच्या डब्यावर काय छापले आहे यावर ठरत नाही. प्रोसेसरच्या आत असलेला मेमरी कंट्रोलर, मदरबोर्डवरून त्या मेमरीपर्यंत जाणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा आणि मेमरीवरच्या चिप या तिघांपैकी जो सर्वांत कच्चा असेल, तोच शेवटी वेग ठरवतो. हे लक्षात न घेता सर्वांत मोठा आकडा असलेली मेमरी आणि सर्वांत महाग मदरबोर्ड घेणाऱ्यांचे पैसे मोठ्या प्रमाणावर वाया जातात, आणि ते जाऊ नयेत म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणे आवश्यक आहे. येथे मुख्य उदाहरण एएमडीच्या एएम५ सॉकेटचे (मदरबोर्डवर प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे), म्हणजे रायझेन ७००० आणि ९००० मालिकांचे घेतले आहे. इंटेलचा मार्ग जेथे वेगळा आहे तेथे तसे सांगितले आहे.

डब्यावरचे आकडे कसे वाचावेत

समजा, सोळा-सोळा जीबीच्या दोन स्टिकच्या, म्हणजे मेमरीच्या दोन पट्ट्यांच्या, डब्यावर ‘डीडीआर५-६०००, सीएल ३०-३६-३६-७६, १.३५ व्होल्ट’ असे छापले आहे. यातला ६००० हा आकडा अनेक दुकानांत ‘सहा हजार मेगाहर्ट्झ’ म्हणून सांगितला जातो, पण मेमरीचे घड्याळ प्रत्यक्षात ३००० मेगाहर्ट्झनेच चालत असते. प्रत्येक ठोक्याच्या चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठवली जात असल्यामुळे सेकंदाला सहाशे कोटी वेळा देवाणघेवाण होते. एका चॅनेलची, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांना जोडणाऱ्या एका मार्गाची, रुंदी ६४ बिट, म्हणजे आठ बाइट असल्याने एका चॅनेलमधून सेकंदाला ४८ गिगाबाइट आणि दोन चॅनेल मिळून ९६ गिगाबाइट माहिती वाहू शकते. ही झाली बँडविड्थ.

पुढचे चार आकडे वाट पाहण्याचे आहेत. मेमरीच्या चिपमधील माहिती ओळी आणि स्तंभ अशा जाळीत साठवलेली असते. ओळ आधीच उघडी असेल तर स्तंभ मागितल्यापासून माहिती हाती येईपर्यंत जितके ठोके जातात तो सीएल. ओळ उघडण्यास लागणारे ठोके हा दुसरा आकडा, जुनी ओळ बंद करण्यास लागणारे ठोके हा तिसरा, आणि ओळ किमान किती काळ उघडी ठेवावी लागते हा चौथा. खरेदी करताना पहिले दोन पाहिले तरी बरेच कळते.

सीएल ठोक्यांमध्ये मोजलेला असल्यामुळे वेगवेगळ्या वेगांच्या मेमरींचे सीएल थेट ताडून पाहता येत नाहीत. त्यासाठी सीएलला २००० ने गुणून मेमरीच्या वेगाने भागावे, म्हणजे उत्तर नॅनोसेकंदात मिळते. आपल्या उदाहरणात ३० गुणिले २००० भागिले ६०००, म्हणजे १० नॅनोसेकंद. हेच गणित जुन्या डीडीआर४-३२०० सीएल १६ मेमरीसाठी केले तर तेथेही १० च येतात. डीडीआर५ च्या सुरुवातीच्या काळात विकल्या गेलेल्या ४८०० सीएल ४० मेमरीचे उत्तर जवळजवळ १६.७ येते, आणि नवी मेमरी घेऊनही काही खेळ जुन्याइतकेच का चालतात असा प्रश्न त्या वेळी अनेकांना का पडला, याचे कारण यात सापडते. ६००० सीएल ३६ चे १२, ६००० सीएल ४० चे १३.३, ७२०० सीएल ३४ चे ९.४ आणि ८००० सीएल ३८ चे ९.५ नॅनोसेकंद होतात. म्हणजे ६००० सीएल ३० वरून ८००० सीएल ३८ वर गेल्यास बँडविड्थ एकतृतीयांशाने वाढते, पण वाट पाहण्याचा हा भाग अर्ध्या नॅनोसेकंदानेच घटतो. शिवाय प्रोसेसरने माहिती मागितल्यापासून ती हाती येईपर्यंतचा एकूण प्रवास सत्तर नॅनोसेकंदांच्या आसपासचा असतो आणि त्यातला मोठा भाग प्रोसेसरच्या आतच जातो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

राहिला १.३५ व्होल्ट हा आकडा. मेमरीची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या नियमाप्रमाणे डीडीआर५ चे व्होल्टेज १.१ असते. १.३५ व्होल्ट मागणारी मेमरी ही विक्रेत्यानेच आधी ओव्हरक्लॉक करून, तपासून, त्या जुळणीची नोंद मेमरीवरच्या एका लहानशा चिपमध्ये साठवून विकलेली असते. या नोंदीला इंटेलच्या बाजूला एक्सएमपी आणि एएमडीच्या बाजूला एक्स्पो म्हणतात. एक्स्पो २०२२ साली रायझेन ७००० सोबत आले. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ जुळणीच्या पडद्यावर, जाऊन ही नोंद निवडली नाही, तर मेमरी ४८०० किंवा ५६०० अशा जेडेकच्या सुरक्षित वेगानेच चालते. महागडी मेमरी घेऊन वर्षानुवर्षे ती ४८०० वर चालवणारे लोक कमी नाहीत, त्यामुळे नवा संगणक जोडून झाल्यावर सीपीयू-झेडसारख्या प्रोग्रॅममध्ये प्रत्यक्ष वेग पाहून घ्यावा. तेथे ३००० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा दिसला म्हणजे मेमरी ६००० वर आहे.

प्रोसेसरच्या आतली तीन घड्याळे

रायझेनमध्ये मेमरीशी संबंधित तीन घड्याळे चालतात. एक मेमरीचे स्वतःचे, दुसरे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचे आणि तिसरे इन्फिनिटी फॅब्रिकचे, म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्यांना (कोअरना) कंट्रोलरशी जोडणाऱ्या अंतर्गत मार्गाचे. मेमरी ६००० वर असताना पहिली दोन घड्याळे ३००० मेगाहर्ट्झवर हातात हात घालून चालतात आणि फॅब्रिक साधारणपणे २००० वर असते. मेमरीचा वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर कंट्रोलरला तो झेपेनासा होतो. बहुतेक रायझेन प्रोसेसर ६००० सहज पेलतात, बरेचसे ६४०० पर्यंत जातात, आणि त्यापुढे मदरबोर्ड कंट्रोलरला मेमरीच्या अर्ध्या वेगाने चालवू लागतो. कंट्रोलरचा वेग असा एकाएकी निम्म्यावर आल्यामुळे डब्यावर मोठा आकडा असूनही प्रत्यक्ष लेटन्सी, म्हणजे माहिती मिळेपर्यंतचा विलंब, वाढते, आणि ती भरून काढण्यासाठी मेमरी पुन्हा ८००० च्या घरात न्यावी लागते. एएमडीने रायझेन ७००० आणले तेव्हा ६००० हाच सर्वांत फायद्याचा टप्पा म्हणून सांगितला होता. त्यामागे हेच कारण आहे.

फॅब्रिकची मर्यादा याहूनही ठाम आहे. रायझेनमध्ये गाभ्यांचा एक तुकडा, म्हणजे आठपर्यंत गाभे असलेली एक चकती, फॅब्रिकच्या प्रत्येक ठोक्याला ३२ बाइट वाचू शकते. फॅब्रिक २००० मेगाहर्ट्झवर असेल तर हे वाचन सेकंदाला ६४ गिगाबाइट होते. डीडीआर५-६००० च्या दोन चॅनेलची कागदावरची क्षमता ९६ गिगाबाइट आहे हे वर पाहिलेच. म्हणजे रायझेन ७ ९७००एक्ससारख्या एकाच चकतीच्या प्रोसेसरला ६००० च्या मेमरीची बँडविड्थसुद्धा पूर्ण वापरता येत नाही. अशा प्रोसेसरसोबत ८००० ची मेमरी घेतली तर वाढीव बँडविड्थ फॅब्रिकच्या दाराशीच अडून राहते. तेथे सीएल कमी असलेली ६००० ची मेमरी घेऊन फॅब्रिक २००० वरून थोडे वर नेता येते का हे पाहणे अधिक शहाणपणाचे.

एक्स३डी प्रकारच्या प्रोसेसरांचे गणित आणखी वेगळे आहे. ७८००एक्स३डी आणि ९८००एक्स३डी यांच्यात ९६ मेगाबाइट एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान साठवण, असते आणि खेळांना लागणारी बरीचशी माहिती तिच्यातच सापडत असल्यामुळे मेमरीपर्यंत जाण्याची वेळ कमी वेळा येते. अशा प्रोसेसरसाठी ६००० सीएल ३० आणि सीएल ३६ यांतला फरक खेळात क्वचितच जाणवतो. ज्याने एक्स३डी प्रोसेसरवर पैसे खर्च केले आहेत त्याने मेमरीवर पुन्हा तेवढेच करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे दर जसे चढले, ते पाहता हा हिशेब अधिकच महत्त्वाचा झाला आहे.

इंटेलच्या बाजूला चित्र निराळे आहे. तेथे बाराव्या पिढीपासून डीडीआर५ सोबत कंट्रोलर मेमरीच्या अर्ध्याच वेगाने चालतो आणि त्याला गिअर २ म्हणतात. ही तडजोड सुरुवातीपासूनच असल्यामुळे ७२०० किंवा ८००० पर्यंत जाण्यात मध्ये खड्डा लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० एस मालिकेत क्यूडिम नावाची नवी मेमरी चालते, जिच्या स्टिकवर घड्याळाचा संकेत स्वच्छ करून पुढे पाठवणारी एक छोटी चिप बसवलेली असते आणि त्यामुळे ८००० च्या पुढचे वेग आवाक्यात येतात. एप्रिल २०२५ मध्ये इंटेलने २००एस बूस्ट ही जुळणी जाहीर केली, ज्यात ठरावीक मेमरी आणि झेड-८९० मदरबोर्ड वापरून ८००० पर्यंत गेल्यास प्रोसेसरची वॉरंटी कायम राहते. एएम५ वर क्यूडिम बसवली तरी तिच्यावरच्या त्या चिपचा उपयोग न करता ती साध्या मेमरीसारखीच चालते, त्यामुळे रायझेनसाठी तिच्यावर जास्तीचे पैसे घालण्यात अर्थ नाही.

मदरबोर्डवरच्या रेषा

मदरबोर्ड निवडताना लोक आधी चिपसेट, म्हणजे मदरबोर्डवर कोणत्या सोयी मिळतील हे ठरवणारी चिप, पाहतात, आणि ते योग्यच आहे, पण त्यावर फार वेळ घालवावा लागत नाही. एएम५ वर ए-६२० आणि बी-८४० सोडले तर बाकीच्या सर्व चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो, आणि मेमरीचा वेग तर या दोहोंवरही वाढवता येतो. इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल तर नावात के असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट, म्हणजे झेड-७९० किंवा झेड-८९०, लागतोच. बी-७६० आणि बी-८६० वर फक्त मेमरीचा वेग वाढवता येतो. बी-६५० आणि एक्स-८७०ई यांच्यातला फरक मुख्यतः पीसीआय एक्स्प्रेसच्या मार्गिका, यूएसबी आणि एसएसडीच्या जागा यांचा आहे. मेमरी किती वेगाने चालेल याच्याशी चिपसेटचा संबंध नाही, कारण मेमरी थेट प्रोसेसरला जोडलेली असते.

संबंध आहे तो त्या जोडणीच्या रेषांचा. प्रोसेसरच्या सॉकेटपासून मेमरीच्या स्लॉटपर्यंत शेकडो बारीक रेषा मदरबोर्डच्या थरांमधून जातात. ३००० मेगाहर्ट्झवर या रेषांची लांबी एकमेकींशी काटेकोर जुळवावी लागते, म्हणून मदरबोर्ड निरखून पाहिल्यास काही रेषा मुद्दाम नागमोडी काढलेल्या दिसतात. चार स्लॉटच्या आजच्या बहुतेक मदरबोर्डवर प्रत्येक चॅनेलच्या रेषा आधी जवळच्या स्लॉटला भेटून मग दूरच्या स्लॉटपर्यंत जातात. एकाच चॅनेलमध्ये एकच स्टिक असेल आणि ती जवळच्या स्लॉटमध्ये लावली, तर पुढच्या रिकाम्या स्लॉटपर्यंतचा तुकडा नुसता लोंबकळत राहतो, आणि खोल विहिरीत मारलेली हाक जशी परत येते तसा संकेत त्या तुकड्याच्या टोकावरून परत येऊन मूळ संकेतात मिसळतो. म्हणूनच दोन स्टिक असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या लावाव्यात असे मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेले असते. मेमरी ६००० वर चालत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा या स्लॉटकडे पाहायला सांगतो.

चारही स्लॉट भरणे हा वेगाचा सर्वांत मोठा शत्रू आहे. एएमडीच्या अधिकृत आकड्यांप्रमाणे रायझेन ९००० दोन स्टिकसह ५६०० पर्यंत जातो, पण चार स्टिक लावल्या की हा आकडा थेट ३६०० वर येतो. प्रत्यक्षात नशिबाने आणि चांगल्या मदरबोर्डवर यापेक्षा अधिक मिळू शकते, पण त्यावर विसंबून खरेदी करू नये. ६४ जीबी मेमरी हवी असेल तर १६ च्या चार स्टिक घेण्याऐवजी ३२ च्या दोन घ्याव्यात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि इतर शहरांतल्या दुकानांतही सुट्या स्टिक सर्रास मिळतात, आणि ‘आता एक घ्या, पुढे दुसरी लावा’ हा सल्ला ऑफिसच्या संगणकासाठी ठीकही असतो. ओव्हरक्लॉकिंगसाठी मात्र दोन स्टिकचा एकत्र तपासलेला जोड घेणेच आवश्यक आहे, कारण त्याच नावाने सहा महिन्यांनी आलेल्या स्टिकवर वेगळ्या कंपनीची चिप असू शकते.

याच कारणाने विक्रमासाठी बनवलेल्या मदरबोर्डवर, उदाहरणार्थ आसुसच्या एपेक्स किंवा गिगाबाइटच्या टॅकिऑन मालिकेत, मेमरीचे दोनच स्लॉट असतात. लोंबकळणारा तुकडाच उरत नाही. ते मदरबोर्ड महाग आहेत, पण मिनी-आयटीएक्स आकाराच्या साध्या मदरबोर्डवरही जागेअभावी दोनच स्लॉट असतात, आणि त्यांतले काही मेमरीच्या बाबतीत आपल्यापेक्षा महाग असलेल्या मोठ्या मदरबोर्डांना मागे टाकतात. फक्त दोन स्लॉट असणे पुरेसे मात्र नाही. स्वस्त मदरबोर्ड चार थरांच्या सर्किट बोर्डवर बनतात, चांगले सहा किंवा आठ थरांवर. जास्त थर असले की मेमरीच्या रेषांना ग्राउंडच्या, म्हणजे शून्य व्होल्टवर ठेवलेल्या तांब्याच्या, थराचा आडोसा नीट मिळतो आणि शेजारच्या संकेतांचा त्रास कमी होतो. थरांची संख्या अनेक कंपन्या आपल्या संकेतस्थळावर देतात.

मदरबोर्डच्या जाहिरातीत ‘८२०० पर्यंत’ असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा निवडक मेमरी, निवडक प्रोसेसर आणि अनुकूल परिस्थितीतला असतो. त्यापेक्षा त्या मदरबोर्डच्या संकेतस्थळावरची तपासलेल्या मेमरींची यादी उघडून आपण घेणार असलेल्या मेमरीचा पूर्ण क्रमांक तिच्यात आहे का, आणि तो दोन स्टिकसाठी तपासला आहे की एका, हे पाहावे.

विजेची बाजू

प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा असेल तर मदरबोर्डचा व्हीआरएम, म्हणजे पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला लागणाऱ्या सव्वा व्होल्टच्या आसपास आणणारी यंत्रणा, तपासावी लागते. व्होल्टेज कमी म्हणजे करंट जास्त. रायझेन ९ ९९५०एक्सची विजेची मर्यादा २३० वॅट आहे. १.२ व्होल्टला हे सुमारे १९० अँपिअर होतात. हा भार व्हीआरएमच्या फेजमध्ये, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या एकसारख्या तुकड्यांमध्ये, वाटला जातो आणि प्रत्येक फेज थोडी वीज उष्णतेत घालवते. फेज जितक्या अधिक आणि त्यांचे भाग जितक्या अधिक अँपिअरचे, तितका प्रत्येकावरचा ताण कमी. सोळा फेज आणि वीस फेज यांच्या तुलनेत मात्र फार अडकू नये. ९७००एक्स मूळ मर्यादेत ८८ वॅटच घेतो, आणि त्याला आठ-दहा चांगल्या फेज, त्यांवर जाडजूड पंख असलेला धातूचा हीटसिंक आणि कॅबिनेटमध्ये हवेची बरी ये-जा एवढे भरपूर होते. उघड्या, हीटसिंक नसलेल्या व्हीआरएमचे मदरबोर्ड तेवढे टाळावेत.

व्होल्टेजच्या बाबतीत मदरबोर्ड बनवणाऱ्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे गेल्या काही वर्षांत दोनदा सिद्ध झाले. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझेन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याची छायाचित्रे समोर आली. एक्स्पो चालू केल्यावर मेमरी स्थिर राहावी म्हणून काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला, म्हणजे जेथे मेमरी कंट्रोलर असतो त्या भागाला, गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते, आणि त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर बांधून टाकले. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले वरच्या श्रेणीचे प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. त्यामागे प्रोसेसरने स्वतःच जास्त व्होल्टेज मागणे हे एक कारण होते, आणि मदरबोर्डांनी विजेच्या मर्यादा मूळ जुळणीतच सैल सोडलेल्या असणे हे दुसरे. इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला नियंत्रक प्रोग्रॅम, बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून नवा मदरबोर्ड आणल्यावर सर्वांत आधी बायोस अद्ययावत करावा, आणि एक्स्पो चालू केल्यावर एसओसी व्होल्टेज १.३ च्या आत आहे ना हे एचडब्ल्यूइन्फो या व्होल्टेज आणि तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहावे. ६००० साठी बहुतेक प्रोसेसरांना १.२ ते १.२५ पुरते. प्रोसेसर मदरबोर्डवर न बसवताच पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण, बायोसची जुळणी पुसण्याचे बटण आणि अडकलेल्या जागेचा क्रमांक दाखवणारा दोन अंकी दिवा या तीन सोयींसाठी थोडे पैसे जास्त द्यावे लागले तरी द्यावेत, कारण मेमरीच्या खटपटीत संगणक सुरूच न होण्याची वेळ येतेच येते.

एक गोष्ट नव्या माणसाला घाबरवते. एएम५ वर मेमरीची जुळणी बदलल्यावर पहिल्यांदा सुरू होताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळात मदरबोर्ड प्रत्येक रेषेची वेळ जुळवून पाहत असतो. या काळात वीज बंद करू नये. आपल्याकडे वीज मध्येच जाते तेथे हे काम यूपीएसवरच करावे.

उन्हाळा आणि तपासणी

डीडीआर५ ची माहिती सूक्ष्म कपॅसिटरांमध्ये साठवलेली असते आणि ती सतत गळत असते, त्यामुळे ती वरचेवर ताजी करावी लागते. सामान्य तापमानात हे काम सुमारे ३.९ मायक्रोसेकंदांच्या अंतराने चालते आणि ते चालू असताना मेमरी दुसरे काम करू शकत नाही. टीरेफी हा आकडा वाढवून हे अंतर लांबवले की वेग सहज वाढतो. ३००० मेगाहर्ट्झवर ६५५३५ ठोके ठेवले तर अंतर जवळजवळ २२ मायक्रोसेकंद होते, म्हणजे मूळच्या साडेपाचपटीहून जास्त. पण गळतीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. मेमरी ४० अंशांवर असताना जे अंतर चालून जाते तेच पन्नाशी ओलांडल्यावर चुका करू लागते. जानेवारीत पुण्यात रात्रभर तपासून बसवलेली जुळणी मे महिन्यात नागपुरात, बाहेर ४५ अंश आणि खोलीत छत्तीस-अडतीस अंश असताना, कोलमडते याचे कारण हेच आहे. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट मेमरीवर येत असेल तर आणखी दहा अंशांची भर पडू शकते. डीडीआर५ च्या स्टिकवर तापमान मोजणारी सोय असते आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये ते वाचता येते, म्हणून टीरेफीला हात लावणाऱ्याने हा आकडा उन्हाळ्यात, ग्राफिक्स कार्ड तापलेले असताना पाहावा आणि त्याप्रमाणे अंतर कमी करावे. मेमरीवरून हवा जाईल असा लहान पंखा लावणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

मेमरीवरची चिप कोणत्या कंपनीची आहे यावरही बरेच अवलंबून असते. डीडीआर५ मध्ये एसके हायनिक्सच्या चिप, त्यातही ए-डाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, वेग आणि लेटन्सी दोन्ही बाबतीत सर्वांत जास्त वाव देतात. डब्यावर चिपचे नाव नसते, पण ६००० ला सीएल ३० असलेल्या मेमरी बहुतांशी हायनिक्सच्याच असतात, आणि सीएल ४० ची मेमरी स्वस्त म्हणून आणली तर तिच्यात काय निघेल हे सांगता येत नाही. स्टिकवरचे रंगीत दिवे याबाबत काहीच सांगत नाहीत, उलट थोडी उष्णताच वाढवतात.

मेमरीच्या ओव्हरक्लॉकमध्ये खरा धोका संगणक बंद पडण्याचा नाही. बंद पडला तर कळते तरी. एखादा बिट गुपचूप उलटा झाला आणि तोच चुकीचा तुकडा फाइलमध्ये लिहिला गेला, तर घरच्या लग्नाच्या व्हिडिओतला एक भाग किंवा वर्षभराच्या हिशेबाची वही महिन्यांनी उघडताना बिघडलेली सापडते. डीडीआर५ च्या चिपमध्ये चुका दुरुस्त करण्याची अंतर्गत सोय आहे खरी, पण ती चिपच्या पोटातल्या चुकांपुरती आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या रेषांवर झालेली चूक तिला दिसत नाही, आणि ओव्हरक्लॉकमध्ये त्याच चुका जास्त होतात.

म्हणून तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. प्रथम प्रोसेसरला मूळ वेगावर ठेवून फक्त एक्स्पो चालू करावे आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ च्या पूर्ण फेऱ्या होऊ द्याव्यात. नंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा कारहू यांपैकी एक आणि त्यानंतर वाय-क्रंचर किंवा प्राइम९५ रात्रभर चालवावे, कारण मेमरीची तपासणी पार करणारी जुळणी प्रोसेसर आणि कंट्रोलर दोन्हींवर भार आल्यावर ढासळू शकते. एकही चूक दिसली तरी ती जुळणी टाकून द्यावी. फॅब्रिकचा वेग वाढवला असेल तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए या नावाच्या, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांच्या, नोंदी येतात का हे पाहावे. त्या येत असतील तर संगणक वरवर नीट चालत असला तरी फॅब्रिक खाली आणावे. हे सर्व स्थिर झाल्यावरच प्रोसेसरच्या वेगाला हात लावावा, एका वेळी एकच आकडा बदलावा, आणि प्रत्येक स्थिर जुळणी बायोसमध्ये नाव देऊन साठवावी. तिचे छायाचित्र मोबाइलमध्येही असू द्यावे, कारण बायोस अद्ययावत केल्यावर साठवलेल्या जुळण्या अनेकदा पुसल्या जातात.